ओव्हलच्या दोन बाजू : मुंबईची इमारत वाचायची कशी

संध्याकाळी चार-साडेचारला चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडा आणि ओव्हल मैदान मधोमध कापत हायकोर्टाकडे जाणाऱ्या फरसबंद वाटेवर जरा थांबा. दोन्ही बाजूंना क्रिकेटचे सामने एकमेकांत मिसळून चाललेले असतात, कुणाचा तरी चेंडू पायाशी येतो, तो परत फेकायचा आणि पूर्वेकडे बघायचं. राजाबाई टॉवर, विद्यापीठ, हायकोर्ट. टोकदार कमानी, उंच निमुळते कळस, दगडावर पडलेलं तिरपं पिवळं ऊन. मग तिथेच उभं राहून पाठ फिरवायची. पश्चिमेला पाच-सहा मजली राहत्या इमारतींची रांग दिसते. गोल वळण घेतलेल्या गॅलऱ्या, खिडक्यांवरून सरळ धावत गेलेले छज्जे, फिके पिवळे-गुलाबी रंग, दारावर ऐटबाज अक्षरांत इमारतीचं नाव.

दोन रांगांच्या मधे जेमतेम 22 एकरांचं मैदान आहे, पण काळ मात्र साठ वर्षांचा. 30 जून 2018 रोजी युनेस्कोने या दोन्ही रांगा आणि त्यांच्या आसपासचा परिसर, मरीन ड्राइव्हसकट, जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. यादीत 94 इमारती आहेत आणि नाव आहे ‘मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूह’. वर्तमानपत्रांत तेव्हा बातम्या भरभरून आल्या. पण गॉथिक म्हणजे नेमकं काय, डेको म्हणजे काय, आणि ही दोन्ही मुंबईतच अशी समोरासमोर का उभी राहिली, हे कुणी नीट सांगितल्याचं मला आठवत नाही. म्हणून हा लेख.

माझं म्हणणं एवढंच आहे की इमारतीकडे बघताना ‘किती छान नक्षी’ यावर थांबू नये. आधी विचारावं, हिचं वजन कशावर उभं आहे? मग विचारावं, ही जागा आली कुठून आणि पैसा कुणाचा? या प्रश्नांची उत्तरं मिळाली की शैली आपोआप कळते.

तट पडला, समुद्र मागे गेला

आज जिथे ‘फोर्ट’ म्हणतो तिथे खरोखरच कोट होता. तटबंदी, दरवाजे, बाहेर मोकळं माळरान. आतली वस्ती दाटीवाटीची आणि रोगट. 1862 मध्ये सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर म्हणून आले आणि त्यांनी तट पाडायचा निर्णय घेतला. योगायोग असा की अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध पेटलं होतं (1861 ते 1865). अमेरिकेचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत पोचेना, म्हणून आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या आणि गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो सगळा कापूस मुंबई बंदरातून जायचा. शहरात पैसा नुसता ओतला गेला.

तट पडल्यामुळे जागा मिळाली आणि कापसामुळे पैसा. सरकारी इमारतींची एक अख्खी रांग मैदानाच्या कडेला आखली गेली. जुनं सचिवालय 1874 मध्ये पूर्ण झालं, हायकोर्ट 1878 मध्ये. विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहासाठी सर कावसजी जहांगीर रेडिमनी यांनी पैसे दिले. टॉवरसाठी शेअर बाजाराचे त्या काळचे अनभिषिक्त राजे प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले आणि आपल्या आईचं, राजाबाईंचं, नाव द्यायला सांगितलं. युद्ध संपलं तशी 1865 मध्ये कापसाची तेजी कोसळली आणि प्रेमचंदांचंही दिवाळं निघालं, पण टॉवर मात्र उभा राहिला. 1878 मध्ये तो पूर्ण झाला तेव्हा त्याची उंची होती 280 फूट, म्हणजे सुमारे 85 मीटर. सभागृह आणि टॉवर दोन्हींचे आराखडे लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. त्यांनी मुंबईत कधी पाऊलही ठेवलं नाही.

आता एक गोष्ट डोळ्यांसमोर आणा, कारण ती कळली की ओव्हलचं सगळं गणित सुटतं. त्या काळी या इमारतींसमोर मैदान होतं, मैदानापलीकडे रेल्वेचे रूळ (तेव्हा गाडी चर्चगेटच्या पुढे कुलाब्यापर्यंत जायची) आणि रुळांपलीकडे लगेच समुद्र. हायकोर्ट आणि विद्यापीठ यांचं तोंड पश्चिमेला का, तर समोर अरबी समुद्र होता म्हणून. बॅक बेमधून, म्हणजे समोरच्या उपसागरातून, बोटीने येणाऱ्याला शहराचा दर्शनी भाग म्हणून हीच रांग दिसायची.

दगड फक्त दाब सोसतो

गॉथिक समजायला एकच तत्त्व पुरेसं आहे. दगडावर वजन ठेवलं तर तो कितीही सोसतो, पण त्याला ताणलं किंवा वाकवलं की तडकतो. म्हणून दोन खांबांवर दगडाची लांबलचक तुळई आडवी टाकता येत नाही, ती मधोमध मोडते. मग उपाय काय? कमान. कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर रेलतो, सगळं वजन दाबाच्या रूपात घरंगळत खाली खांबांत उतरतं, ताण कुठे पडतच नाही.

अर्धगोल कमानीची अडचण अशी की तिची उंची रुंदीवर ठरते. दहा फूट रुंद असेल तर अर्धगोल पाच फूटच उंच होणार. शिवाय ती खांबांना बाजूला जोरात ढकलते, त्यामुळे भिंती जाडजूड ठेवाव्या लागतात. टोकदार कमान या दोन्हींतून सुटका करते. ती हवी तेवढी उंच नेता येते, आणि बाजूला कमी ढकलते, वजन जास्त सरळ खाली आणते. बाराव्या शतकात युरोपातल्या गवंड्यांनी हे ओळखलं आणि उंचच उंच चर्च उभी केली. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये हीच जुनी पद्धत पुन्हा फॅशनमध्ये आली आणि तिथून जहाजाने मुंबईला आली.

इथल्या हवेशी मात्र तिचं विलक्षण जमलं, आणि मला हा भाग सगळ्यांत आवडतो. लंडनच्या गॉथिक इमारतीला ऊन आत घ्यायचं असतं, मुंबईच्या गॉथिक इमारतीला ऊन बाहेर ठेवायचं असतं. म्हणून इथे कमानींच्या रांगेमागे खोल व्हरांडे आले. हायकोर्टाच्या व्हरांड्यात भर मे महिन्यात दुपारी उभं राहून बघा. बाहेर डांबर वितळत असतं आणि आत दगडी फरशीवर वारा खेळत असतो. छपरावरचं पाणी भिंतीपासून लांब फेकणारे दगडी पन्हाळे, ज्यांना चित्रविचित्र प्राण्यांची तोंडं असतात, तेही आपल्या पावसात जेवढे राबतात तेवढे युरोपात क्वचितच राबत असतील.

दगड बहुतेक इथलाच. आपला काळा बसाल्ट, मालाड-कुर्ल्याकडचा पिवळसर दगड, आणि कोरीव कामासाठी पोरबंदरहून आणलेला मऊ, साईच्या रंगाचा चुनखडीचा दगड. बसाल्ट छिन्नीला सहज दाद देत नाही, म्हणून भिंती त्याच्या. पाना-फुलांची नक्षी पोरबंदरी दगडात. राजाबाई टॉवरवर वर नजर लावून पाहिलं तर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींची माणसं आपापल्या पागोट्या-पेहरावांसह दगडात उभी दिसतात. आराखडा लंडनचा, पण माणसं इथली. हायकोर्टात एका खांबावर एक डोळा झाकलेलं, हातात न्यायाचा तराजू धरलेलं माकड कोरलेलं आहे. एका ठेकेदाराने कज्जा हरल्यावर तसा राग काढला, अशी त्याची दंतकथा सांगतात. कथा खरी असो-नसो, छिन्नी चालवणाऱ्या हाताला इथे स्वतःचं मत होतं एवढं तरी ते माकड दाखवतं.

हे हात तयार झाले त्यात जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा मोठा वाटा आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 1857 मध्ये ही शाळा सुरू झाली. 1865 मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग तिथे स्थापत्य-शिल्पकला शिकवायला आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शेतकरी-बाजारकऱ्यांची शिल्पं त्यांची, आणि पुढे बोरीबंदरच्या, म्हणजे आजच्या सीएसएमटीच्या, स्टेशनावरचं बरंचसं कोरीव काम जे. जे.च्या विद्यार्थ्यांचं. तिथली मोरं, माकडं, साप, पानं बघत बघत गाडी चुकवावी इतकी ती जिवंत आहेत. एका पिढीत शहरात इतकं दगडकाम निघालं की कलाशाळेच्या मुलांना वर्गाबाहेर लगेच काम मिळत होतं. कला आणि इमारत यांचा असा थेट संबंध असला की शहराचं रूप बदलतं.

गॉथिकनंतर लगेच डेको आलं असं नाही. मधे आर्किटेक्ट जॉर्ज विटेट यांनी एक वेगळा प्रयत्न केला. त्यांना इथल्याच इमारतींतून शैली शोधायची होती. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचा, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा, घुमट विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देतो, आणि 1924 मध्ये पूर्ण झालेलं गेटवे गुजरातच्या सोळाव्या शतकातल्या कमानींची. त्यावर स्वतंत्र लेख होईल, इथे एवढंच.

सळई आणि सिमेंट

1920 च्या दशकात बॅक बेमध्ये पुन्हा भराव सुरू झाला. आधी 1860 च्या दशकात एकदा प्रयत्न होऊन कंपनी बुडाली होती. या वेळीही खर्च इतका वाढला, कारभार इतका गाजला की वकील आणि पुढारी वीर नरिमन यांनी त्यावर रान उठवलं. गव्हर्नर लॉइड यांच्या नावाने ‘लॉइडचा मूर्खपणा’ असा शब्दप्रयोगच रूढ झाला. सगळा बेत पार पडला नाही, पण चर्चगेट आणि मरीन ड्राइव्हचा पट्टा मात्र समुद्रातून वर आला. 1930 च्या अखेरीस कुलाब्याचं स्टेशन बंद झालं, गाडी चर्चगेटलाच थांबू लागली, रूळ उखडले गेले. ओव्हलच्या पश्चिमेला एकदम कोरी करकरीत जमीन मोकळी झाली.

आणि नेमकं त्याच वेळी बांधकामाचं सामान बदललं होतं. दगडाची जागा आर. सी. सी.ने घेतली. हा शब्द आपण जागेच्या जाहिरातीत रोज वाचतो, पण त्यातली युक्ती सोपी आहे. काँक्रिटही दगडासारखंच : दाब सोसतं, ताण सोसत नाही. लोखंडाची सळई ताण उत्तम सोसते. ज्या ठिकाणी ताण पडणार तिथे काँक्रिटच्या पोटात सळया घातल्या की दोघांचे गुण एकत्र येतात. आता तुळई आडवी टाकता येते. कमानीची गरजच संपली.

याहून मोठी गोष्ट म्हणजे भिंत मोकळी झाली. दगडी इमारतीत भिंत हीच इमारत असते, तिच्यात मोठं भोक पाडलं तर वरचा मजला खाली येईल. आर. सी. सी.त वजन कॉलम, बीम आणि स्लॅबचा सांगाडा घेतो, भिंत नुसता पडदा. म्हणजे इमारतीच्या कोपऱ्यावरच, जिथे पूर्वी सर्वांत जाड दगड असायचा, तिथे दोन्ही बाजूंना वळणारी खिडकी देता येते. गॅलरी खाली टेकू न देता हवेत चार फूट बाहेर काढता येते, आणि तिला बोटीच्या नाळेसारखं गोल वळण देता येतं. ओव्हलची पश्चिम बाजू पाहताना हे लक्षात ठेवा. त्या कोपऱ्यावरच्या खिडक्या आणि गोल गॅलऱ्या म्हणजे ‘आता आम्हाला हे जमतं’ असं सांगणारा आनंद आहे.

या शैलीचं ‘आर्ट डेको’ हे नाव 1925 च्या पॅरिसच्या सजावटी कलांच्या प्रदर्शनावरून पडलं, पण तेही 1960 च्या दशकात. इमारती बांधणारे तेव्हा नुसतं ‘मॉडर्न’ म्हणत. मोटार, आगबोट, विमान, सिनेमा यांचं युग होतं, म्हणून इमारतींवर वेगाच्या रेषा, बोटीसारखे कठडे, पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारे माथे, उगवत्या सूर्याचे किरण आणि गोठलेल्या कारंज्याची नक्षी आली. कंपन्यांनाही ही शैली हवी होती. 1936 मध्ये सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ए. सी. सी. स्थापन झाली, सिमेंटचा जोरात प्रचार सुरू झाला. 1937 मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने टाउन हॉलमध्ये ‘आदर्श घर’ प्रदर्शन भरवलं, त्यात स्वयंपाकघर, न्हाणीघर, बैठकीची खोली नव्या पद्धतीने मांडून दाखवली. चाळीत किंवा एकत्र कुटुंबाच्या वाड्यात राहिलेल्या माणसाला स्वतंत्र ब्लॉक, आत संडास-बाथरूम, गॅलरी, लिफ्ट ही कल्पनाच नवी होती.

या पिढीतले आर्किटेक्टही आता बरेचसे इथले होते. जे. जे.मध्ये क्लॉड बॅटली यांच्या हाताखाली मुलं तयार होत होती. गजानन बाबूराव म्हात्रे हे नाव मराठी वाचकाला ठाऊक असायला हवं, आणि ते नाही याची मला खंत वाटते. मरीन ड्राइव्हच्या वळणावरची 1937 ची सूना महल त्यांची. कोपरा असा वळवलाय की जणू इमारत समुद्राच्या वाऱ्याला वाट करून देतेय. मास्टर, साठे आणि भुता या फर्मने महात्मा गांधी रस्त्यावर न्यू इंडिया ॲश्युरन्सची इमारत बांधली. दर्शनी भागावर नारायण गणेश पानसरे यांची शिल्पं आहेत : ग्रीक देवता नव्हे, व्हिक्टोरियन सिंह नव्हे, अंगमेहनत करणारी इथली माणसं. स्वदेशी विमा कंपनीला ‘तुमचे पैसे आमच्याकडे सुरक्षित आहेत’ हे लोकांना सांगायचं होतं, आणि ते तिने देशी माणसांच्या धिप्पाड आकृत्यांतून सांगितलं. तो काळ स्वातंत्र्य चळवळीचा होता हे विसरून ही इमारत वाचताच येणार नाही.

शैली किती झपाट्याने बदलली हे एका घरातच दिसतं. बोरीबंदरचं स्टेशन बांधणारे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. त्यांचा मुलगा चार्ल्स स्टीव्हन्स याने 1933 मध्ये कुलाब्याला रीगल थिएटर बांधलं, वातानुकूलित, खाली मोटारी ठेवायची सोय असलेलं. बापाने दगडात मोर कोरवून घेतले, मुलाने सपाट काँक्रिटवर दिव्यांच्या रेषा काढल्या. इरॉस 1938 चं, शोराबजी भेदवार यांचं, आग्र्याच्या लाल दगडाचा आणि साईरंगाचा मेळ घातलेलं.

छज्जा

आता मी स्वतः ज्याच्या खाली वाढले त्या गोष्टीकडे येते. आमची इमारत दादरला, तीन मजली, 1930 च्या दशकातली. कुठल्याही यादीत तिचं नाव नाही. डेको म्हणजे फक्त ओव्हल आणि मरीन ड्राइव्ह असं समजणाऱ्यांनी एकदा हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, शिवाजी पार्क, माटुंगा असं पायी फिरावं. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने हे भाग आखले. रस्ते रुंद, इमारतींमध्ये मोकळी जागा, उंचीवर मर्यादा. त्या भूखंडांवर मध्यमवर्गाने काँक्रिटची नवी घरं बांधली. मुंबईचं डेको हे असं साध्या नोकरदारांचंही आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आमच्या खिडक्यांवर काँक्रिटचा एक पातळ छज्जा होता, दीड-दोन फूट पुढे आलेला, कोपऱ्यावरून वळून बाजूच्या खिडकीवर गेलेला. इमारतीच्या डोळ्यांवरच्या भुवईसारखा. लहानपणी वाटायचं ती शोभेची पट्टी आहे. मग एकदा जुलैत धो धो पाऊस पडत असताना आजीने मला खिडकी बंद करू दिली नाही. म्हणाली, ‘‘अगं, राहू दे उघडी, छज्जा आहे ना.’’ पाणी छज्जाच्या काठावरून पडद्यासारखं खाली जात होतं आणि खोलीत थंड वारा येत होता. छज्जाच्या खालच्या अंगाला काठापासून दोन बोटं आत एक बारीक खाच होती. पाणी काठावरून आत वळून भिंतीपर्यंत येऊ नये, खाचेपाशीच गळून पडावं, म्हणून ती. इतकी बारीक खाच कुणीतरी विचार करून आखली होती आणि मिस्त्रीने ती ओल्या काँक्रिटमध्ये काढली होती. दुपारी उन्हात त्याच छज्जाची सावली काचेवर पडायची. पंखा बंद ठेवून पुस्तक वाचता यायचं.

काही वर्षांपूर्वी इमारतीची दुरुस्ती निघाली. एका ठेकेदाराने छज्जाचा सुटलेला भाग नीट न बांधता छाटून टाकला, जुन्या लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवल्या, आणि जिन्याच्या कठड्याची उगवत्या सूर्याची लोखंडी जाळी भंगारात गेली. मी तेव्हा गावाला होते. परत आले तर जाळीच्या जागी स्टीलचे सरळ पाइप. आता पहिल्या पावसाची चाहूल लागली की सगळ्या घरांत खिडक्या बंद होतात आणि एसी सुरू होतात.

छज्जे पडतात का?

या इमारती जीर्ण का होतात याचं कारणही त्या काँक्रिटमध्येच आहे. काँक्रिट ताजं असताना आतल्या सळईला गंजापासून वाचवतं. पण वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपतो आणि ते संरक्षण हळूहळू संपतं. समुद्राकाठी खारी हवा हे काम आणखी लवकर करते. सळईला गंज चढला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा मागतो. आतून दाब येतो, काँक्रिट फुगतं, तडकतं आणि खपली निघावी तसं पडतं. मग उघड्या सळईला पाणी थेट मिळतं. नुसतं वरून प्लास्टर मारून रंग दिला तर आतला गंज तसाच राहतो, दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. नीट दुरुस्ती म्हणजे सैल भाग काढून, सळई घासून, गंजरोधक लावून, मगच भरणं. खर्चाचं काम आहे, पण करता येतं.

मग ते होत का नाही? इथे कायदा येतो. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने घरभाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतर आणि फाळणीनंतर जागेची प्रचंड टंचाई होती, तेव्हा भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देणं हे योग्यच होतं. पण भाडं तिथेच राहिलं आणि महागाई वाढत गेली. मालकाला महिन्याला मिळणाऱ्या पैशात एका खिडकीचं काचकामही होईना. दुरुस्ती थांबली. घर सोडायचं तर पागडी आली, म्हणजे भाडेहक्क सोडताना नव्या भाडेकरूकडून घ्यायची रक्कम, जिला 1999 च्या नव्या कायद्याने मान्यता मिळाली. पण याची दुसरी बाजूही आहे. भाडं गोठल्यामुळे मालकाला इमारत पाडून नवी बांधणं परवडेना आणि भाडेकरू हलेना. ओव्हलची रांग आणि दादर-माटुंग्याची घरं दशकानुदशकं जशीच्या तशी राहिली, यात या कायद्याचा वाटा मोठा आहे. ज्या कायद्याने इमारतींना आजारी पाडलं त्यानेच त्यांना जिवंतही ठेवलं.

1995 मध्ये मुंबईत वारसा इमारतींसाठी नियम लागू झाले. शहराच्या पातळीवर असे नियम करण्यात मुंबई देशात पहिली. इमारतींच्या तीन श्रेणी केल्या. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू, जिथे आतबाहेर कुठेही हात लावायला जवळजवळ मनाई. दुसरीत शहराच्या दृष्टीने मोलाच्या. तिसरीत परिसराचं रूप टिकवणाऱ्या, जिथे बदलाला जास्त मोकळीक. बदल करण्याआधी वारसा समितीचं मत घ्यावं लागतं. ओव्हलवरच्या रहिवाशांनी मैदानासाठी आणि इमारतींसाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला नसता, तर युनेस्कोपर्यंत ही रांग पोचली नसती. मानांकनाने मात्र घरदुरुस्तीचे पैसे मिळत नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवं. मिळतो तो फक्त एक जास्तीचा डोळा, जो बघत असतो.

आणि त्या डोळ्याला दादरचा छज्जा दिसत नाही. पाडापाडीची बातमी होते, तिच्यावर मोर्चा निघतो. पण एका घराने गॅलरी बंद करून खोलीत घेतली, दुसऱ्याने खिडकीवर पत्रा ठोकला, तिसऱ्याने दर्शनी भिंतीवर एसीची पेटी लटकवली, हे कुणाच्या नजरेत येत नाही. मला त्या घरांचा राग येत नाही. चार माणसांच्या कुटुंबाला एक खोली जास्त हवी असते आणि मुंबईत ती दुसरीकडून मिळत नाही. पण छज्जा छाटताना तो कशासाठी होता हे निदान ठाऊक असावं.

तेव्हा तुमच्या इमारतीकडे एकदा रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून बघा. खिडक्यांवर छज्जा आहे का, तो कोपऱ्यावरून वळतो का? गॅलरीचा कठडा गोल आहे का? दारावर नाव सिमेंटच्या उठावदार अक्षरांत आहे की नंतर लावलेल्या पाटीवर? जिन्यात पाऊल टाकल्यावर फरशीत पितळेच्या पट्टीने वेगळे केलेले रंग दिसतात का, लिफ्टला घडीची जाळी आहे का? आहे तेवढ्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुरुस्तीची सभा लागली की तो फोटो घेऊन जा आणि ठेकेदाराला सांगा, हे असंच परत करायचं. माझ्याकडे आमच्या जाळीचा एकच फोटो आहे, आजीच्या पंचाहत्तरीचा. सगळे जिन्यात उभे आहेत, आणि आजीच्या खांद्यामागून सूर्याचे पाच किरण दिसतात. गेल्या महिन्यात तो फोटो घेऊन मी शेजारच्या लोहाराकडे गेले होते. त्याने पट्टीने किरण मोजले, कागदावर अंतरं लिहून घेतली आणि म्हणाला, ‘‘होईल, ताई. फक्त मधलं वर्तुळ किती इंचांचं होतं ते सांगा.’’